शब्बाथ शाळेचं देणं

रविवारी सकाळी कळव्याहून ठाण्याला किंवा ऐरोलीहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये, मांडीवर जाडजूड कापडी पिशवी घेतलेल्या एखाद्या बाई हमखास दिसतात. पिशवीत हजेरीवही असते, खडू असतात, डबीत ओलं फडकं असतं. बोथट टोकाच्या चार कात्र्या, फेविकॉलची छोटी बाटली, सेफ्टी पिना, ग्लुकोज बिस्किटांचे दोन पुडे आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. मेणखडूंच्या डब्यात तुटलेले तुकडेही जपून ठेवलेले असतात, कारण चार वर्षांच्या मुठीला अख्ख्या खडूपेक्षा तुकडाच नीट धरता येतो. मेगाब्लॉकची बातमी त्यांनी शनिवारी रात्रीच पाहून ठेवलेली असते.

आठवडाभर या बाई नोकरीवर असतात, नाहीतर घरच्या रगाड्यात. चर्चच्या मुलांना शास्त्र शिकवायच्या या रविवारच्या वर्गाचा पगार नसतो. चार्टपेपर आणि बिस्किटं बहुतेक वेळा स्वतःच्याच पैशांतून येतात. तरी पाऊस असो, परीक्षा असोत, वर्गात चारच मुलं येवोत, त्या येतातच. जुनी माणसं या वर्गाला अजून शब्बाथ शाळा म्हणतात, नवी पिढी संडे स्कूल म्हणते. ठाणे-नवी मुंबईतल्या कितीतरी मराठी ख्रिस्ती माणसांची श्रद्धा या वर्गात रुजली. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वर्धापनदिनी आपण बाईंना स्टेजवर बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, 'त्यांनी आमच्यावर चांगले संस्कार केले' असं एक वाक्य बोलतो आणि जेवायला वळतो. मला ते फार अपुरं वाटतं. बाईंनी नेमकं काय केलं, कसं केलं, त्यात किती कसब होतं, हे आपल्याला सांगता आलं पाहिजे. आभार मानायचे तर कशाचे, ते आधी ठाऊक हवं.

या कामाची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्स यांनी 1780 साली रविवारच्या शाळा सुरू केल्या, त्या आठवडाभर कामावर राबणाऱ्या आणि रविवारीच मोकळ्या असणाऱ्या मुलांसाठी. तिथे शास्त्राबरोबर अक्षरओळखही शिकवत. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1813 साली मुंबईत उतरली, 1831 साली नगरला त्यांचं केंद्र झालं. पुढे गावोगावच्या मिशन शाळांतले मास्तर आणि घरोघर फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या 'बायबल वुमन' यांनी ही शिकवण खेड्यांत नेली. ठाण्यात ख्रिस्ती पावलं त्याहून कितीतरी जुनी. 1321 साली इथे चार फ्रान्सिस्कन हुतात्मे झाले. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चची परंपरा पोर्तुगीज काळातली आणि सेंट जेम्स चर्च 1825 सालचं. पण इथल्या मराठी प्रॉटेस्टंट घरांपैकी पुष्कळांची मुळं नगर, सोलापूर, सातारा, जालना या बाजूला आहेत. गिरणी, रेल्वे, इस्पितळ यांच्या नोकऱ्यांमागून ही माणसं मुंबईला आली आणि मग घरांसाठी कळवा, डोंबिवली, ऐरोली, नेरूळकडे सरकली. येताना त्यांनी 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाची प्रत आणली आणि मुलांना गोळा करून बसवायची सवयही आणली. चर्चची इमारत व्हायच्या आधी भाड्याच्या हॉलमध्ये, शाळेच्या वर्गात, कुणाच्या तरी गच्चीवर मुलांचा वर्ग सुरू झालेला असे.

आता वर्गात शिरू.

वेळ मिळते ती साधारण पंचेचाळीस मिनिटं. हजेरी आणि प्रार्थना यांत पाच जातात, गीतांत दहा. गोष्ट बारा ते पंधरा मिनिटं. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी सात-आठच, कारण त्यापुढे ती एकमेकांच्या चपला लपवायला लागतात. उरलेल्या वेळात वचन, म्हणजे शास्त्रातलं एखादं वाक्य पाठ करणं, आणि हातांनी करायचं काहीतरी. ही आखणी बाईंनी कुठे लिहून ठेवलेली नसते. कुठलं मूल कधी चुळबूळ करणार हे त्यांना मुलाच्या आधी कळतं.

गोष्ट सांगणं हे या कामाचं काळीज आहे. चांगल्या बाई पुस्तकातून वाचून दाखवत नाहीत, पण शास्त्र मांडीवर उघडं ठेवतात. मुलांना दिसलं पाहिजे की गोष्ट बाईंच्या मनची नाही, इथून आली आहे. बाई खुर्चीवर बसत नाहीत, सतरंजीवर मुलांच्या डोळ्यांच्या पातळीला बसतात. तयारी शनिवारची नसते. सोमवारी एकदा उतारा वाचायचा, मधे दोनदा, आणि शुक्रवारी भांडी घासताना मोठ्याने सांगून पाहायचा. गोष्टीतली माणसं सरळ आपल्या तोंडाने बोलली पाहिजेत. 'दाविदाने शौलाला सांगितले की तो लढेल' असं म्हटलं की मुलांचं लक्ष उडतं. 'मी जातो!' असं दावीद म्हणाला की सगळे सरसावून बसतात.

मापांचं तर या बाईंना विलक्षण भान असतं. दावीद ज्याच्याशी लढला त्या धिप्पाड गल्याथाची उंची शास्त्रात सहा हात एक वीत दिली आहे. हात साधारण पंचेचाळीस सेंटिमीटरचा धरला तर ती जवळजवळ 2.9 मीटर होते. बाई स्टुलावर चढून भिंतीवर तिथे खडूची रेघ मारतात आणि वर्गातल्या सगळ्यात लहान मुलाला खाली उभं करतात. मग वेगळं काही सांगावं लागत नाही. महापुरातल्या नोहाच्या तारवाची, म्हणजे जहाजाची, लांबी तीनशे हात, म्हणजे सुमारे 135 मीटर. ठाण्याच्या मुलाला मीटर सांगून काय कळणार? बारा डब्यांच्या लोकलचे सहा डबे आणि वर थोडं, असं सांगितलं की प्लॅटफॉर्म त्याच्या डोळ्यांपुढे येतो.

चित्रांसाठी पूर्वी फ्लॅनेलचा फळा वापरत, काही ठिकाणी अजून वापरतात. हार्डबोर्डच्या दोन बाय तीन फुटी तुकड्यावर फ्लॅनेल ताणून चिकटवायचं. कागदी चित्रांच्या पाठीला फ्लॅनेलची किंवा बारीक पॉलिश पेपरची पट्टी लावायची, म्हणजे चित्र नुसतं दाबलं की बसतं. फळा सरळ उभा ठेवला तर चित्रं घसरतात, म्हणून तो थोडा मागे कलता ठेवायचा. पंखा चालू असेल तर मोशे समुद्रासकट खाली येतो, आणि पंखा बंद केला तर मे महिन्यात मुलं घामाघूम होतात. अनुभवी बाई वाऱ्याच्या आड भिंतीचा कोपरा आधीच धरून ठेवतात. जुलैत दमट हवेने चित्रांच्या कडा वळतात. ती वहीत घालून, वर वजन ठेवून जपावी लागतात.

एक प्रयोग मात्र सविस्तर सांगायलाच हवा, कारण बाईंची समज त्यात दिसते. पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे चार तऱ्हेच्या जमिनीवर पडलेल्या बियांची येशूने सांगितलेली गोष्ट. दह्याचे चार रिकामे कप घ्यायचे, तळाला तापलेल्या सुईने भोकं पाडायची. ती पाडली नाहीत तर पाणी साचून बी कुजतं. पहिल्या कपात माती मुठीने ठोकून घट्ट करायची, ती वाट. दुसऱ्यात खडी भरून वर जेमतेम एक सेंटिमीटर माती, ती खडकाळ जमीन. तिसऱ्यात चांगली माती, पण तिच्यात आठवडाभर आधी बाजरी दाट पेरून ठेवायची, ती काटेरी जमीन. चौथ्यात सात-आठ सेंटिमीटर भुसभुशीत माती. प्रत्येकात मेथीचे दहा दाणे टाकायचे, पहिल्या कपात ते वरवर. दिवसाआड सगळ्यांना सारखंच, दोन-दोन चमचे पाणी.

हा प्रयोग फसतो दोन ठिकाणी. पावसाळ्यात कप खिडकीच्या ग्रिलवर ठेवले तर सतत भिजून ठोकलेल्या मातीवरचे दाणेही मोडवतात आणि वाटेवर पीक उभं राहतं, म्हणून कप आत ठेवायचे. दुसरी अडचण खरी गंमतीची. पुढच्या रविवारी खडकाळ कपातली मेथी इतरांइतकीच, कधीकधी थोडी जास्तच वर आलेली असते, आणि मुलं ओरडतात, 'बाई, हीच जमीन चांगली!' नवशिक्या शिक्षकाला वाटतं प्रयोग बिघडला. जाणत्या बाई शांतपणे मार्काच्या चौथ्या अध्यायातलं वाक्य वाचून दाखवतात. तिथे येशूने हेच सांगितलं आहे, माती खोल नव्हती म्हणून ते लवकर उगवलं. मग बाई कप परत ठेवून देतात आणि आणखी एक आठवडा थांबतात. तिसऱ्या रविवारी खडीवरची मेथी माना टाकते. तिसऱ्या कपातली बाजरीत दबून पिवळी, लांबुडकी झालेली असते. चौथ्यातली ताठ असते. एका दाखल्यासाठी तीन रविवार आणि त्याआधी बाजरीचा एक आठवडा देणारी ही माणसं आहेत. मुलांच्या बाबतीतही त्यांचा हाच धीर असतो. पहिल्याच शिबिरात 'माझा विश्वास आहे' म्हणून हात वर करणाऱ्या मुलाने त्या हुरळून जात नाहीत आणि वर्षभर गप्प बसणाऱ्याचा नाद सोडत नाहीत.

वचन पाठ करून घेण्याची रीत साधी आहे. लहानांसाठी दहा-बारा शब्दांहून मोठं वचन घ्यायचं नाही. फळ्यावर लिहायचं, सगळ्यांनी म्हणायचं, मग एक-एक शब्द पुसत जायचं. संदर्भ आधी एकदा आणि शेवटी एकदा म्हणायचा, कारण मुलं वचन लक्षात ठेवतात आणि अध्याय विसरतात. एकच वचन चार रविवार चालवायचं. सगळ्यांनी एका सुरात म्हटलं की कुणाला येत नाही ते लपतं, म्हणून बाई एकेकाचं वेगळं ऐकतात, बुजऱ्याचं तर वर्गातल्याच कोपऱ्यात नेऊन. जास्तीत जास्त वचनांना बक्षीस ठेवलं की दरवर्षी तेच एक मूल जिंकतं आणि बाकीची प्रयत्न सोडतात. मागच्या वेळेपेक्षा एक जास्त म्हणणाऱ्याला शाबासकी देणं मला योग्य वाटतं, आणि चांगले शिक्षक तेच करतात.

शास्त्र उघडायलाही शिकवावं लागतं. जुन्या करारातली एकोणचाळीस आणि नव्यातली सत्तावीस मिळून सहासष्ट पुस्तकं, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत चालीत म्हणून घेतात. ग्रंथ बरोबर मध्यावर उघडला की स्तोत्रसंहिता किंवा तिच्या आसपासचं पान येतं, आणि उजव्या अर्ध्याचा पुन्हा मध्य काढला की नवा करार जवळ येतो. एवढं कळलं की सात-आठ वर्षांचं मूल नव्या करारातलं पहिलं पुस्तक, मत्तय, शोधू शकतं. घोळ होतो तो होशेयपासून मलाखीपर्यंतच्या बारा छोट्या पुस्तकांत, तिथे पानं चिकटून दोन-दोन उलटतात. आता मोबाईलमध्ये वचन एका सेकंदात मिळतं. तरी बारा वर्षांपर्यंत मुलाच्या हातात कागदी ग्रंथच असावा या मताचा मी आहे. फोन हवं ते वचन काढून देतो, पण त्याच्या आधी आणि नंतर काय लिहिलं आहे ते डोळ्यांखालून जात नाही.

स्वतःहून एखादं वचन निवडा असं सांगितलं की हुशार मुलं नेमकं 'येशू रडला' निवडतात. योहान 11:35. दोनच शब्द. बाईंना ही लबाडी कळते. काही जण दुसरं वचन घ्यायला लावतात. पण खऱ्या गुरूची ओळख इथे पटते. त्या ते वचन स्वीकारतात आणि म्हणतात, 'ठीक आहे, पण तो का रडला ते पुढच्या रविवारी सांगायचं.' मग मूल घरी अकरावा अध्याय वाचतं. येशूचा मित्र लाजर आजारी पडला, निरोप गेला, तरी येशू दोन दिवस तिथेच थांबला. पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था म्हणाली, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. आणि आपण याला मेलेल्यातून उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला.

हे वचन पुढे कधीतरी लागतं. मुलाचे आजोबा इस्पितळात असतात, अख्खा वर्ग हात जोडून प्रार्थना करतो, आणि आजोबा जातात. पुढच्या रविवारी ते मूल विचारतं, 'आपण मागितलं होतं ना? मग देवाने का नाही ऐकलं?' या प्रश्नावर शब्बाथ शाळेच्या शिक्षकाची सगळी तयारी पणाला लागते. 'देवाला चांगली माणसं हवी असतात' हे उत्तर देऊ नये. त्याने मुलाला देवाचीच भीती बसते, उद्या त्याला आईही हवी झाली तर? 'तुझा विश्वास कमी पडला' हे तर कधीच म्हणू नये. आठ वर्षांच्या जिवावर मरणाचा दोष टाकण्यासारखं ते आहे. ज्या बाईंचे, ज्या सरांचे आपण ऋणी आहोत त्यांनी बहुतेक वेळा एवढंच म्हटलं, 'मला माहीत नाही रे बाळा. पण येशूही रडला होता, तुला माहीत आहे ना ते?' आणि त्या मुलाजवळ बसून राहिले. ठाम उत्तरं देणारे पुष्कळ भेटतात. मुलाचा प्रश्न मुलाजवळ राहू देणारा माणूस लहानपणी भेटला, तर मोठेपणी शंका आल्यावर श्रद्धा टाकून द्यावी लागत नाही. माझ्या लेखी या गुरूंचं सगळ्यात मोठं देणं हेच आहे.

प्रार्थनाही त्यांनी अशीच शिकवली. एका मुलाने एकच वाक्य, स्वतःच्या शब्दांत. पाच बोटांची युक्ती जुनी आहे. अंगठा आपल्या सगळ्यात जवळ, म्हणून तो घरच्यांसाठी. तर्जनी वाट दाखवणाऱ्या शिक्षकांसाठी, मधलं उंच बोट देश चालवणाऱ्यांसाठी, अनामिका दुबळ्या आणि आजारी माणसांसाठी, करंगळी स्वतःसाठी. मुलं मोठ्यांची नक्कल करून 'हे परमकृपाळू, सर्वसमर्थ' अशी लांबलचक सुरुवात करतात आणि पुढे काय मागायचं तेच विसरतात. बाई त्यांना हळूच पहिल्या बोटावर आणतात. कुणी सोसायटीतल्या क्रिकेटच्या मॅचसाठी प्रार्थना केली तरी हसायचं नाही आणि कुणाला हसू द्यायचं नाही. एकदा हसं झालं की ते मूल पुन्हा मोठ्याने प्रार्थना करत नाही.

गीतांची बाजू सांभाळणारे सर बहुधा वेगळे असतात, पेटी वाजवणारे. नारायण वामन टिळकांनी मराठी मंडळीला शंभराहून अधिक गीतं दिली, आणि आपली भक्ती अभंग-ओवीच्या वळणाने गाता येते हा विश्वास दिला. ती गीतं मुलांच्या गळ्यात उतरवली ती या सरांनी. मोठे पुरुष पेटीच्या काळी एक-दोनमध्ये, म्हणजे खालच्या पट्टीत गातात. तोच सूर मुलांना दिला तर ती खाली घोगरी होतात, नाहीतर ओरडतात. म्हणून सर मुलांसाठी काळी चार किंवा पाच धरतात. आधी चाल नुसती पेटीवर, मग एक ओळ सर, एक ओळ मुलं. टाळ्या शेवटी, कारण टाळ्या आधी दिल्या की लय पळते.

कॅथलिक घरांत हेच काम धर्मशिक्षणाच्या वर्गाइतकंच आजीने केलं. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. एकोणसाठ मण्यांची माळ, त्यात त्रेपन्न मणी 'नमो मारिया' या प्रार्थनेचे. तिसऱ्या दशकापर्यंत, म्हणजे दहा मण्यांच्या तिसऱ्या गटापर्यंत, नातवंडं पेंगायला लागतात. शहाणी आजी रागावत नाही, चौथं दशक पेंगणाऱ्यालाच पुढे म्हणायला देते. पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच्या श्रद्धेचा उगम सांगताना दोन बायकांची नावं घेतली आहेत, आजी लोईस आणि आई युनीके. एवढ्या मोठ्या प्रेषिताने आजीचं नाव लिहून ठेवलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

नाताळच्या नाटकाबद्दल सगळे बोलतात, म्हणून इथे थोडक्यात. तालीम नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सुरू झाली नाही तर डिसेंबरात पळापळ होते. सगळ्यात बुजऱ्या मुलाला मेंढरू करू नये, त्याला एका वाक्याचा मेंढपाळ करावं. आणि पूर्वेकडचे ज्ञानी, मागी लोक, घरात आले असं मत्तय लिहितो, ते किती होते हे लिहीत नाही, हे मोठ्या मुलांना जरूर दाखवून द्यावं.

सुट्टीतल्या बायबल शाळेत मात्र पडद्यामागच्या गुरू दिसतात. वार्षिक परीक्षा संपल्यावर पाच ते दहा दिवस, सकाळी नऊ ते बारा, साठ-सत्तर मुलं. शिकवणारे पुढे असतात, आणि मागे महिला मंडळाच्या मावश्या सरबताच्या पिंपाजवळ. साठ मुलांना दोनशे मिलिलिटरचा एक पेला म्हणजे बारा लिटर. त्याला तीस-पस्तीस लिंबं, दीड किलो साखर आणि चहाचे चार चमचे मीठ लागतं. साखर गार पाण्यात टाकली तर तळाशी बसते, पहिल्या रांगेला आंबट आणि शेवटच्या रांगेला पाक मिळतो. म्हणून ती आधी दोन लिटर कोमट पाण्यात विरघळवून घ्यायची. लिंबं फार दाबायची नाहीत आणि बिया गाळून टाकायच्या, नाहीतर सरबत कडवट होतं. मावश्यांचं कुठलं मूल आज पेला घ्यायला आलं नाही याकडेही लक्ष असतं. त्याला शोधून विचारतात, बरं नाही का, की घरी काही झालं? शास्त्राचा एक शब्दही न शिकवता या बायकांनी मुलांना मंडळी म्हणजे काय ते शिकवलं आहे.

जुन्या पद्धतीत एक गोष्ट बदलायलाच हवी होती, आणि ती बदलते आहे याचं समाधान वाटतं. वर्गात कायम दोन मोठी माणसं, दार उघडं, एकट्या मुलाला कुणी कुठे घेऊन जायचं नाही, आणि घरी न्यायला कोण येणार त्याचं नाव हजेरीवहीत. हे नियम पाळण्यात कुणावरचा अविश्वास नाही. मुलांवर जीव असलेले शिक्षक स्वतःच त्यांचा आग्रह धरतात.

शमुवेलाची गोष्ट या सगळ्या गुरूंना लागू पडते. रात्री हाक आली, मुलगा उठून म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे धावला. एली म्हणाला, मी हाक मारली नाही, जा, नीज. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा म्हाताऱ्याच्या लक्षात आलं की हाक देवाची आहे. त्याची दृष्टी मंद झाली होती, त्याची स्वतःची मुलं वाईट मार्गाला लागली होती. तरी त्याने मुलाला काय म्हणायचं ते सांगितलं, 'बोल, तुझा दास ऐकत आहे', आणि परत पाठवलं. स्वतः बरोबर गेला नाही. पहिल्या दोन हाकांना एलीलाही कळलं नव्हतं, हे वाचून शिक्षकांना धीर येतो.

मग हे देणं मान्य कसं करायचं? बाई हयात असतील तर भेटायला जा, आणि 'तुमचे फार उपकार' म्हणण्याऐवजी एक नेमकी गोष्ट सांगा. तुम्ही भिंतीवर मारलेली रेघ आठवते. तुम्ही तेव्हा 'मला माहीत नाही' म्हणालात ते आठवतं. दृष्टी कमी झाली असेल तर मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र न्या, किंवा बसून एक अध्याय वाचून दाखवा. पेटीवाल्या सरांकडून जुन्या चाली फोनवर रेकॉर्ड करून घ्या, कारण शब्दांच्या पुस्तकात चाल सापडत नाही आणि एका माणसाबरोबर पन्नास चाली जातात. आधी गीताचा क्रमांक बोलायचा, मग पट्टी, मग धृपद आणि एक कडवं. एवढं प्रत्येकी एक-दीड मिनिटात होतं. पंखा बंद ठेवा, नाहीतर पेटीपेक्षा त्याचाच आवाज जास्त येतो.

आणि जूनमध्ये शाळांबरोबर नवे वर्ग सुरू होतात तेव्हा पाळकसाहेबांना भेटून एका वर्गात मदतनीस म्हणून नाव द्या. ठाण्यात काय, नेरूळला काय, शिक्षक सगळीकडे कमी आहेत. क्लास, कोचिंग, मॅचेस यांतून मुलं येतात, पण शिकवायला माणूस नसतो. पहिले दोन महिने नुसतं मागे बसायचं. हजेरी घ्यायची, पेन्सिलींना टोक काढायचं, प्रत्येक मुलाचं नाव, शाळा आणि भावंडं लक्षात ठेवायची. तिसऱ्या महिन्यात बाईंकडून एक गोष्ट मागून घ्यायची. छोटी घ्या, पाच भाकरी आणि दोन मासे चालेल. सोमवारपासून वाचायला सुरुवात करा. वर्ग सुटल्यावर कुठे घाई झाली, कुठे मुलांचं लक्ष सुटलं ते बाई सांगतील, ते तिथल्या तिथे वहीत उतरवून घ्या.